घरातले कागद लावायला कुठून सुरुवात करायची? आधी पासबुक उघडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील पाच महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटातून दोन सुटकेस आणि तीन पिशव्या भरून कागद निघाले. तुम्ही आणि भाऊ दर रविवारी बसता, तरी ढीग तेवढाच राहतो. आई-वडिलांची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी आहे आणि वडिलांची स्कूटर आता भाऊ वापरतो. हे सगळं बघून तुम्हाला स्वतःच्या घराचीही काळजी वाटायला लागली. मिस्टर खासगी नोकरीत, ३४ लाखांचं गृहकर्ज बाकी, २०१४ साली घेतलेला ५० लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), कंपनीचा ५ लाखांचा आरोग्य विमा आणि दोन मुलं. फाइल कशी लावायची, काय फेकायचं आणि विमा पुरेसा आहे का, हे तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं विमा आणि गुंतवणुकीचं काम करतो आहे. त्यातला निम्मा वेळ माणूस गेल्यानंतर घरच्यांना क्लेमचे कागद जुळवून देण्यात जातो, त्यामुळे माझं उत्तरही त्याच अंगाने येणार. कागद लावताना डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवा: तुम्ही नसताना ज्याला हे कपाट उघडावं लागेल तो. वडिलांच्या कपाटापाशी आज तुम्ही त्याच जागी बसला आहात, म्हणून त्याला काय लागतं हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको.

ढिगाला हात लावण्याआधी दोन गोष्टी या आठवड्यातच करा, थांबू नका.

पहिली स्कूटर. मालक गेल्यावर गाडीचा विमा त्याच दिवशी संपत नाही. तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालतो. तुमचे पाच महिने झालेत. म्हणजे आज भाऊ जी गाडी चालवतोय तिला विम्याचा आधार उरलेला नाही असंच धरून चला. कुणाला धक्का लागला तर ती भरपाई घराच्या डोक्यावर येईल. आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा, पॉलिसीही त्या नावावर करून घ्या, आणि तोवर स्कूटर उभी ठेवा.

दुसरी आईंची आरोग्य पॉलिसी. एकत्र पॉलिसीत बहुतेक वडीलच प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावाने घेतली तो माणूस, असतात आणि हप्ता त्यांच्या खात्यातून आपोआप कापला जातो. खातं एकट्या वडिलांच्या नावावर असेल, तर मृत्यूची नोंद झाल्यावर बँक ते थांबवते. मग नूतनीकरणाचा हप्ता जात नाही आणि त्याची सूचना येते वडिलांच्या मोबाइलवर, जो आता ड्रॉवरमध्ये बंद पडलेला असतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. ती उलटली की आईंच्या जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो) पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याची वेळ येते, आणि त्या वयात नवी पॉलिसी मिळणंही कठीण. कंपनीला लेखी कळवून आईंना प्रस्तावक करा, खातं आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. नव्या पॉलिसीवर ‘पहिल्यांदा विमा घेतल्याची तारीख’ जुनीच छापून आली आहे ना, ते स्वतः वाचून घ्या.

आता ढीग. सुटकेस उलटी करून विषयवार गठ्ठे लावायला बसू नका. तुमचे रविवार वाया जाताहेत ते त्यामुळेच. प्रत्येक कागद हातात घेतला की ‘हे चालू आहे की संपलं?’ हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर नसतं. ते पासबुकात असतं. वडिलांच्या प्रत्येक खात्याचा शेवटच्या दोन वर्षांचा उतारा काढा आणि हातात पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचा. कुठे विम्याचा हप्ता, कुठे एसआयपी (म्युच्युअल फंडाचा ठरावीक हप्ता), मार्च-एप्रिलमध्ये लॉकरचं भाडं, तिमाहीला ठेवीचं व्याज, वर्षातून एकदा दीड-दोनशे रुपयांचा लाभांश. प्रत्येक नोंदीमागे एक खातं, एक पॉलिसी किंवा म्युच्युअल फंडाचा एक फोलिओ असतो. त्यांची यादी करा आणि मग ढिगातून फक्त त्या यादीतले कागद शोधा. दोन बैठकांत काम संपतं.

या वाचनात मे-जूनच्या ओळी विशेष बघा. ४३६ रुपये वजा झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २० रुपये असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. पहिलं वयाच्या ५५ पर्यंत, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी. दुसरं ७० पर्यंत, फक्त अपघाताला. तुमचे वडील आजाराने गेले असतील तर दुसऱ्याचा उपयोग नाही, पण तुमच्या आणि मिस्टरांच्या पासबुकातही ही ओळ असू शकते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता. घरात एकही पॉलिसी नाही असं त्या ठामपणे सांगत होत्या. पासबुक मागितलं, तर कडा दुमडलेलं, पाण्याने फुगलेलं. त्यात १ जूनची एक नोंद, तेव्हाच्या दराची, १२ रुपयांची. बँकेत खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतली होती, इतकंच. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जोडून क्लेम केला आणि २ लाख आले. ती ओळ कुणी वाचली नसती तर ते पैसे तसेच राहिले असते, आणि अशा न वाचलेल्या ओळी किती घरांत असतील याने आजही मी अस्वस्थ होतो.

जुन्या, पासबुकातही न दिसणाऱ्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. दहा वर्षं हात न लागलेली रक्कम ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होते, पण वारसाचा हक्क बुडत नाही. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर ‘आयईपीएफ’ या सरकारी निधीकडे जातात, तेही परत मागता येतात, फक्त चिकाटी लागते. वडिलांच्या शेवटच्या वर्षाचं आयकर विवरणपत्र वारस म्हणून नोंदणी करून तुमच्यापैकी एकाला भरावं लागेल. म्हणून त्यांचं पॅन घाईने रद्द करू नका.

यादी तयार झाली की तीच फाइलचं पहिलं पान होते. एक शंभर पानी वही घ्या. संगणकात ठेवायचं तर ठेवा, पण छापलेली प्रत हवीच. प्रत्येक गोष्टीला एक ओळ: काय आहे, नंबर काय, मूळ कागद कुठे आहे, नॉमिनी कोण, पुढची तारीख कोणती आणि फोन कुणाला करायचा. ‘कपाटात’ असं लिहू नका. ‘बेडरूमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फोल्डरमध्ये’ असं लिहा. पिन आणि पासवर्ड या वहीत नकोत. मोबाइल उघडायचा कसा, एवढं मात्र नवरा-बायकोला एकमेकांचं माहीत हवं, कारण आता प्रत्येक ओटीपी तिथेच येतो.

फोल्डर मोजकेच ठेवा: ओळखीचे कागद, घराचे, विम्याचे, पैशांचे, दवाखान्याचे. यावर मी फार वेळ घालवणार नाही. पहिलं पान नीट असेल तर फोल्डर कोणत्या रंगाचा याने काही अडत नाही. आधार, लायसन्स, गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये घ्या. तिथे संस्थेकडून थेट आलेला दस्तऐवज कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो मान नाही, हा फरक लक्षात असू द्या.

आता ज्या दोन गोष्टींवर क्लेम खरोखर अडकतात त्यांकडे येतो: नाव आणि नॉमिनी.

नाव आधी घेतो. तुमचं स्वतःचं नाव सगळीकडे काय आहे, हे एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहा. पॅनवर, आधारवर, बँकेत, मिस्टरांच्या पॉलिसीत, त्यांच्या पीएफमध्ये, घराच्या करारनाम्यात. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत ही यादी हमखास वेगवेगळी निघते. पॅन लग्नाआधीचं म्हणून माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, करारनाम्यात ‘सौ.’ लावून. मी हाताळलेल्या एका क्लेममध्ये नवऱ्याने नॉमिनी म्हणून बायकोचं लग्नात ठेवलेलं नाव लिहिलं होतं. घरात सगळे त्याच नावाने हाक मारायचे. पण त्या नावाचा एकही सरकारी कागद अस्तित्वात नव्हता. पॅन, आधार, पासबुक सगळं माहेरच्या पहिल्या नावाने. विमा कंपनीच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया होत्या. प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंद होऊन पैसे मिळेपर्यंत सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत मुलाची फी त्यांनी उसनवारीवर भरली. माणूस हयात असताना हेच काम एका साध्या अर्जाने झालं असतं. विवाह नोंदणी दाखला नसेल तर आधी तो काढा.

नॉमिनीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की नॉमिनी म्हणजे मालक. बँकेतली ठेव असो की शेअर, नॉमिनी ते पैसे ताब्यात घेतो. हक्क कुणाचा ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आयुर्विम्यात थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती ‘लाभार्थी’ ठरतात. तरी इतर वारसांनी दावा केला तेव्हा न्यायालयांनी याचा अर्थ प्रत्येक वेळी सारखाच लावलेला नाही. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतील असंच ठेवा.

मिस्टरांच्या पीएफचं नॉमिनेशन आजच उघडून बघा. लग्नाआधी आई किंवा भावाचं नाव दिलं असेल, तर लग्नानंतर ते नॉमिनेशन नियमाने बाद होतं. नवं भरेपर्यंत नॉमिनी नाहीच असं धरलं जातं. पीएफला जोडलेला ‘ईडीएलआय’ विमा ७ लाखांपर्यंत असतो, तोही याच नोंदीवर चालतो. ऑनलाइन ई-नॉमिनेशनला फोटो आणि आधार लागतं, अर्ध्या तासाचं काम. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. अल्पवयीन मुलाला नॉमिनी करत असाल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या मोठ्या माणसाचंही नाव द्या.

मृत्युपत्र दोघांचंही करा. कोऱ्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून केलं तरी कायद्याने चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि ते लॉकरमध्ये बंद करून ठेवू नका. लॉकर उघडायला वारसाचा कागद मागतात आणि तो कागद लॉकरच्या आतच असतो, हे मी दोन घरांत पाहिलंय.

घराच्या कागदांत एकच सांगतो. वडिलांनी कधी गृहकर्ज घेतलं असेल तर मूळ करारनामा परत आला आहे का ते बघा; कर्ज फिटलं, सगळे खूश झाले आणि मूळ दस्त बँकेतच राहिले, असं पुष्कळदा होतं. डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे, की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि चूक कर्ज देणाऱ्याची असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुमचं कर्ज संपेल तेव्हा याची आठवण ठेवा. खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), आधीच्या मालकांची करारपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घराच्या मोठ्या दुरुस्तीची बिलं कायम जपायची. विक्रीच्या वेळी भांडवली नफ्याचा हिशेब त्यांवरच होतो.

आता विमा. तुमचेच आकडे घेतो. मिस्टरांचा टर्म विमा ५० लाख, कर्ज ३४ लाख. कर्ज फिटून उरतात १६ लाख. तुमचा घरखर्च तुम्ही ५५ हजार लिहिलाय. म्हणजे ते पैसे जेमतेम २९ महिने पुरतील, आणि धाकटी आत्ता तिसरीत आहे. २०१४ साली कर्ज नव्हतं आणि मुलंही नव्हती, तेव्हा ५० लाख ठीक होते. आता कमी आहेत, हे मी स्पष्टच सांगतो. जुनी पॉलिसी बंद करू नका. ती कमी वयात घेतलेली, म्हणून स्वस्त आहे, आणि तीन वर्षं उलटून गेल्यामुळे कलम ४५ नुसार तिच्याबद्दल कंपनीला आता कोणत्याही कारणाने शंका काढता येत नाही. तिला हात न लावता दुसरी घ्या, आणि तंबाखू, साखर, जुनं ऑपरेशन जे असेल ते सगळं फॉर्ममध्ये लिहा. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते. मिस्टर ही पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेऊ शकतात. मग ते पैसे फक्त पत्नी आणि मुलांचे राहतात, मिस्टरांना कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच ठरवावं लागतं. कर्जासोबत बँकेने विमा दिला होता का, तेही मंजुरीपत्रात बघा. असेल तर तो कर्जाबरोबर घटत जातो आणि बहुधा थेट बँकेलाच मिळतो. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेव्हा हप्त्याच्या सूचनेत कर धरलेला नाही ना, ते तपासा.

कंपनीचा ५ लाखांचा आरोग्य विमा नोकरी सुटली की सुटतो. स्वतःची वेगळी पॉलिसी दोघंही धडधाकट असतानाच घ्या. जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. ही वर्षं मोजायला जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं बरं.

आईंच्या पॉलिसीत खोलीभाड्याचं कलम शोधा. ५ लाखांच्या पॉलिसीत ‘विमा रकमेच्या १ टक्का’ लिहिलं असेल तर दिवसाला ५,०००. समजा त्यांना ८,००० च्या खोलीत ठेवलं. लोकांना वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. पण कात्री खोलीभाड्यापुरती थांबत नाही. सर्जन, भूल, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर या खर्चालाही त्याच प्रमाणात लागते. हे खर्च २ लाख ४० हजार झाले तर आठास पाच या प्रमाणात मिळतील १ लाख ५० हजार; ९० हजार खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तेव्हा बिलात तसं केलेलं दिसलं तर लेखी हरकत घ्या. क्लेम नाकारला गेला आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडून दाद मिळाली नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

काय फेकायचं, याला मी शेवटीच वेळ देतो. जुनी वीजबिलं, फोनबिलं, पैसे मिळून संपलेल्या पॉलिसींच्या पावत्या आणि बंद खात्यांची चेकबुकं फाडून टाका. आयकराचे कागद आठ वर्षं ठेवा. आजारपणाचे डिस्चार्ज समरी कधीच फेकू नका, पुढच्या क्लेममध्ये ‘हा आजार केव्हापासून?’ याचं उत्तर तिथेच असतं. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या हिशेबाच्या वह्या निघाल्या असतील तर त्या या कामातून बाजूला काढा. त्या आईंना द्या.

आईंच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधून मला कळवा: प्रस्तावकाचं नाव, नूतनीकरणाची तारीख आणि खोलीभाड्याची मर्यादा. शेवटची गोष्ट सापडली नाही तर ‘अटी आणि मर्यादा’ या मथळ्याखालचा मजकूर जसाच्या तसा पाठवा, मी वाचून सांगतो.